डोलणारा माड आणि धाकूचा पट्टा

धाकूचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. भाट्ये गावच्या वाड्यांतून ऊन चढायच्या आत पंधरा माडांचे नारळ पाडायचे, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. कुठला घोस तयार आहे, हे तो खालूनच सांगे.

गेल्या श्रावणात कानाच्या आतला तोल बिघडला. उभं राहिलं की घर फिरायचं. जाग साडेचारलाच यायची, पण आता तो खाटेच्या कडेला बसून नुसते पाय हलवी. सकाळी बायको, काशी, बागायतदार आप्पांच्या वाडीत कामाला निघाली की हात धरून त्याला पाण्याच्या पाटावरच्या अरुंद दगडी साकवावरून पलीकडे नेई. तिथे बसून तो माडावरच्यांना ओरडे, "अरे, तोडतोस की ओरबाडतोस?"

रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या वेदिका मॅडमनी व्यायाम शिकवले आणि महिनाभरासाठी एक पट्टा दिला. कंबरेला बांधायचा. ज्या बाजूला कलावं, त्या बाजूला तो थरथरे. मग उलट सावरायचं. धाकू रोज अंगणात शंभर फेऱ्या मारी. मॅडमनी चाळीस सांगितल्या होत्या.

पंधरा दिवसांत तो पाटाच्या कडेने सरळ चालला. "आता चढतो," म्हणाला.

"मॅडमनी चालायला दिलाय तो," काशी म्हणाली. "वरून पडलात तर पट्टा झेलणार हाय काय?"

"तू गप गो."

सोमवारी ती कामाला गेल्यावर त्याने परसातल्या माडाच्या खाचेत पाय ठेवला. दहा हात सरळ गेला. मग खाडीवरून वारा आला आणि माड डोलला. पट्टा उजवीकडे थरथरला. धाकूने अंग डावीकडे ओढलं. तेवढ्यात माडही डावीकडे आला. गुडघा सटकला, छाती खरवडली. त्याने बुंध्याला मिठी मारली आणि पट्टा बंद केला, तर आभाळच फिरायला लागलं. पट्ट्याचं ऐकावं तर माड सुटतो, न ऐकावं तर डोकं गरगरतं. चाळीस वर्षं तो माडाबरोबर डोलत आला होता. हा पट्टा माडाशी भांडायला सांगत होता.

डोळे मिटून, एकेक खाच चाचपत तो उतरला. चढण्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. विसरलेला डबा न्यायला परतलेली काशी खाली उभी होती.

"माड हलतो गो," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं काय बसलेला व्हता?"

दुसऱ्या दिवशी धाकूने आप्पांकडे नारळ सोलायचं काम मागितलं. वाकलं की गरगरे, म्हणून सोलायची पहार चिऱ्यांवर चिरे रचून उंच बसवली. पहिल्या दिवशी साठ झाले. तळहात सोलून निघाले, मन वर झावळ्यांत. महिना भरला, पट्टा परत गेला. धाकू पुन्हा काशीचा हात धरून कामावर जाऊ लागला. दिवाळीपर्यंत दिवसाला तीनशे नारळ. शिमग्याला पाचशे.

शिमग्यानंतर त्या मजुरीतून त्याने तसाच स्वतःचा पट्टा विकत घेतला. पहिल्या सकाळी साकवापाशी काशीने सवयीने हात पुढे केला. धाकूने त्या हातात जेवणाचा डबा ठेवला आणि एकटा पलीकडे गेला.