तपासणीच्या दिवसाची जागा

तपासनीस साहेबाची जीप फाटकाबाहेर पडली तशी वर्गाच्या बाईंनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. "झालं न आता? चल, आपल्या जागेवर जा."

आपली जागा म्हणजे दाराशी, चपलांच्या शेजारी. नागपुरातली संस्थेची शाळा, पण चालायची सरकारी अनुदानावर. म्हणून तपासणी असली की आम्हा वस्तीतल्या पोरींना पहिल्या रांगेत बसवायचे, माठातलं पाणी पेल्यातून द्यायचे. एरवी चपराशी वरून ओतायचा, आम्ही ओंजळ धरायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बापानं घरातले देव कन्हान नदीत सोडून दिले होते. शाळेत मात्र आमची जात होती तिथंच.

आणि मी? येडी. लोक लग्नाची वाट पाहतात, मी तपासणीची पाहायची. केसांना एवढं तेल की माशी बसती तर घसरून पडती. पहिल्या रांगेत अशी मान ताठ, जशी संस्थेची मालकीणच.

घरी मायनं विचारलं, "पुढं बसली होती न? मंग रडून काहून राहिली वं?"

पेला घेताना बाईंनी बोटाला बोट लागू दिलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला मी दाराशीच बसून राहिले. बाईंनी डोळे वटारले, दातओठ खाल्ले. ओढून न्यावं तर मला शिवावं लागणार. अडकल्या बिचाऱ्या.

साहेबानं विचारलं, तिथं का बसलीस?

"साहेब, मी रोज इथंच बसते."

साहेबानं हेडमास्तरांकडं पाहिलं. मग चहापोहे घेतले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बापाला गिरणीतून बोलावलं. माफी मागा, नाहीतर दाखला घेऊन जा. जवळपास मुलींची दुसरी शाळा नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. बाप हात जोडून उभा. "माग वं माफी," म्हणाला, माझ्याकडं न बघता. दारात चपराशी. शूरबिर काही नव्हते मी, लघवी लागली होती.

"माफी मागत नाही. दाखलाही नेत नाही."

तशीच वर्गात गेले, पहिल्या रांगेत बसले. शेजारची पोरगी सरकली. सरकू दे. बाई म्हणाल्या, ऊठ. मी वही उघडली. शाळा सोडायची नाही आणि दाराशी बसायचं नाही. माझं ठरलं होतं. पुढचं त्यांनी ठरवावं.