पाठमोरी अमेरिका

खालच्या मजल्यावरच्या बाईंइतकी अमेरिका कोणाला पाठ असेल असं मला वाटत नाही, आणि त्यांच्याइतका तिचा कंटाळाही जगात दुसऱ्या कोणाला आला नसेल. जपानात, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत आम्ही चौथ्या मजल्यावर आणि बाई बरोबर आमच्या खाली. एका पर्यटन कंपनीत त्यांनी तीस वर्षं जपानी प्रवाशांचे गट अमेरिकेला नेले आणि परत आणले. जितके नेले तितके परत आणले, एवढंच आपलं कर्तृत्व, असं त्या सांगायच्या. एकट्या राहायच्या. सडसडीत, ताठ, केस पोरासारखे कापलेले, आणि डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की आत्ताच विमानातून उतरल्या असाव्यात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती वर्तुळं काही गेली नाहीत. त्यांच्या घरात अमेरिकेचं एक चित्र नव्हतं, एक बाहुली नव्हती. होत्या त्या फक्त हॉटेलातल्या साबणाच्या छोट्या वड्या. इमारतीत कोणाकडे बाळ झालं, कोणाला नोकरी लागली, कोणाचं काही दुखलंखुपलं, की बाई दोन वड्या नेऊन द्यायच्या.

आमची खरी ओळख भूकंपाच्या दिवशी झाली. त्याआधी सहा महिने आम्ही लिफ्टमध्ये एकमेकींना वाकून नमस्कार करत होतो, आणि एकदा आमची कचऱ्याची पिशवी त्यांनी परत आणून दारात ठेवली होती. विमानतळावर सामानाला लावतात तसला टॅग तिला बांधलेला होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘हिचा दिवस बुधवार. आज सोमवार.’ भूकंपाच्या दुपारी दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन मी चार मजले कशी उतरले ते मला आठवत नाही. समोरच्या बागेत इमारतीतली सगळी माणसं गोळा झाली होती. जमीन थांबून थांबून हलत होती, फोन लागत नव्हते. आणि मधोमध बाई उभ्या होत्या, पायांत घरातल्या सपाता, हातात टूरवरचा पिवळा छोटा झेंडा उंच धरलेला. त्या माणसं मोजत होत्या. तीनदा मोजून एक कमी भरला. तो एक म्हणजे पाचव्या मजल्यावरचे आजोबा. लिफ्ट बंद होती. बाई जिना चढून गेल्या आणि पाच मिनिटांत आजोबांना घेऊन आल्या. आजोबा टीव्हीपुढून उठायला तयार नव्हते, तेव्हा बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की बस सुटते आहे. मग सगळ्यांनी आळीपाळीने बागेतल्या स्वच्छतागृहात जाऊन यावं, पुढे कधी मिळेल सांगता येत नाही, असा हुकूम सुटला, आणि आम्ही सगळे निमूटपणे रांगेत उभे राहिलो. माझा नवरा ऑफिसातून मैलोन्‌मैल चालत आला, तेव्हा बाईंनी आधी त्याला मोजलं आणि मग मला भेटू दिलं.

पुढच्या पंधरवड्यात त्या एक गट घेऊन निघणार होत्या. निवृत्तीआधीची ती त्यांची शेवटची टूर. ती अर्थातच रद्द झाली. त्या वसंतात फिरायला जायचं कोणाच्या मनातच नव्हतं. इमारतीतली निम्मी भारतीय कुटुंबं मायदेशी गेली, आम्हीही महिनाभर पुण्याला जाऊन कंत्राटाच्या धाकाने परत आलो. परत आलो तो बाई घरी बसलेल्या होत्या. कंपनीने निरोप समारंभ पुढे ढकलला होता. तो मग झालाच नाही.

तेव्हापासून बाईंनी आम्हाला धरलं. टूर संपताना प्रवाशांकडून भरून घ्यायचा एक फॉर्म असे, त्यातला एक प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. भेटेल त्या परदेशी माणसाला त्या विचारायच्या, अमेरिकेत तुम्हाला सगळ्यात जास्त कुठे जायला आवडेल? जपानी माणसांचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. ग्रँड कॅनियन, नायगारा, न्यूयॉर्कचा पुतळा, आणि बायको शेजारी नसेल तर लास व्हेगास. पण परतीच्या विमानात हीच माणसं बोलायची ती भलत्याच गोष्टींबद्दल. हॉटेलच्या बोळात बर्फ ओकणारं यंत्र, बाकावर चढून शेंगदाणा मागणारी खार, दुधाचा बादलीएवढा डबा. फॉर्मवर मात्र सगळे इमानदारीत ग्रँड कॅनियन लिहायचे. एका गृहस्थांनी सबंध टूरभर दाढदुखीने डोळे मिटून घेतले होते, त्यांनीही ग्रँड कॅनियनच लिहिलं, शिवाय ‘अविस्मरणीय’ असा शेराही मारला.

आम्हा मंडळींनी मात्र बाईंना पार गोंधळात टाकलं. इमारतीतल्या पुणे-मुंबईच्या लोकांना त्यांनी हा प्रश्न विचारला, तर एक म्हणाला न्यू जर्सी, तिथे काका आहेत. दुसरी म्हणाली डॅलस, तिथे नणंद आहे. तिसऱ्याने अशा एका गावाचं नाव सांगितलं की तीस वर्षांत बाईंची बस तिथून कधी गेली नव्हती, आणि त्याला त्या गावाबद्दल एवढंच ठाऊक होतं की मावसभावाच्या तळघरात टेबल टेनिस आहे. बाई एकदा मला म्हणाल्या, तुम्ही लोक एवढे बारा-तेरा तास उडून जाता ते पोहे खायला का? मी म्हटलं, हो, बहुतेक तसंच.

मी त्यांना उलटा प्रश्न विचारला होता. तुम्हाला काय आवडलं सगळ्यात जास्त? शनिवारची सकाळ होती, मी आठवडाभराच्या आगगाड्यांनी आणि मीटिंगांनी पिळून निघालेली, आणि बाई बाल्कनीतल्या कुंडीला पाणी घालत होत्या. त्यांनी पाणी घालणं थांबवलं नाही.

“मी ग्रँड कॅनियन पाहिलेलं नाही, ओकुसान,” त्या म्हणाल्या. “मी ग्रँड कॅनियन पाहणारी माणसं पाहिली आहेत.”

ओकुसान म्हणजे घरच्या बाई. मला त्या नेहमी तसंच म्हणायच्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. माणसं दरीकडे तोंड करून उभी राहतात आणि गाईड माणसांकडे. कोण कठड्याजवळ चाललंय, कोणाची टोपी उडाली, कोण बसकडे परत फिरलंच नाही, हे बघायचं असतं. पाठ दरीकडेच राहते. धबधब्याचंही तेच, पुतळ्याचंही तेच. शिवाय रात्री झोप नाही. कोणाची बॅग हरवायची, कोणाला गरम पाण्याचा नळ सापडायचा नाही. तीस वर्षांत अमेरिकेत आपण एकदाही पोटभर झोपलो नाही, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

मग, भूकंपाला सहा वर्षं झाली तेव्हा, आमच्या सासूबाई आल्या. आम्ही त्यांना आईच म्हणतो. त्यांचा धाकटा मुलगा, माझा दीर, अमेरिकेत बफेलो नावाच्या गावात असतो. ‘माझा एक मुलगा जपानात आणि एक म्हशीत,’ असं आई पुण्यात सगळ्यांना सांगायच्या. सहा वर्षं त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. तो कायमच्या वास्तव्याच्या कागदांसाठी रांगेत होता, आणि देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत घेतील की नाही या धास्तीने वडील वारले तेव्हाही येऊ शकला नव्हता. आईंना पर्यटकाचा व्हिसा मिळाला होता, पण एकटीने जायचा धीर नव्हता. आम्हाला रजा नव्हती, आमच्याकडे व्हिसाही नव्हता. म्हणून असं ठरलं की त्यांनी आधी आमच्याकडे यायचं, महिनाभर राहायचं, जरा सरावायचं आणि इथून पुढे जायचं.

सरावायचं काम बाईंनी स्वतःहून अंगावर घेतलं. आमच्या घरातल्या बोळात स्टूल मांडून त्या इमिग्रेशनच्या अधिकारी होऊन बसायच्या, चेहरा दगडाचा करून. जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावलेली होती, तिच्यामागे आई पासपोर्ट घेऊन उभ्या. कशासाठी आलात, असं बाई इंग्रजीत विचारायच्या. आईंनी ‘सन’, म्हणजे मुलासाठी, एवढंच म्हणायचं होतं. पण आईंना एका शब्दावर थांबणं कधी जमलं नाही. त्या मराठीत सुरू व्हायच्या, धाकट्याला लहानपणी दमा कसा होता इथपासून. बाई हात वर करून थांबवायच्या आणि मला सांगायच्या, आईंना सांगा, अधिकाऱ्याला गोष्ट नको असते. मी सांगायची. आई म्हणायच्या, “मग विचारतो कशाला मेला?” हे मी भाषांतर करून सांगितलं नाही.

असे तीन आठवडे गेले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दुपारी मी ऑफिसात असताना त्या खाली बागेत एका बाकावर बसायच्या असं मला मुलीकडून कळायचं. आणि निघायला आठ दिवस राहिले असताना आईंनी एका संध्याकाळी वाटाणे सोलता सोलता सांगून टाकलं की त्या जाणार नाहीत. शिकागोला विमान बदलायचं आहे, तिथे त्या हरवतील. फोनवर रोज दिसतोच की तो. नवऱ्याने समजावलं, दिराने फोनवरून समजावलं. आई ऐकून घेत राहिल्या आणि वाटाणे सोलत राहिल्या. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटण्याइतकी ताकदच त्या दिवसांत अंगात नव्हती. एक काम कमी झालं, एवढंच मनात आलं, आणि ते मनात आल्याची लाज मला नंतर पुष्कळ दिवस पुरली.

खाली जाऊन मी बाईंना सांगितलं की आता सराव नको, आई जात नाहीत. बाईंनी कारण विचारलं नाही. त्यांनी फक्त विमानाचा नंबर विचारला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येते तो बाई आमच्या टेबलाशी बसलेल्या, समोर त्याच विमानाचं त्यांच्या नावाचं तिकीट. मी काहीतरी म्हणायला लागले, तुम्हाला एवढा त्रास, आम्ही कसं, वगैरे. त्यांनी पुन्हा हात वर केला.

“एकच प्रवासी आहे,” त्या म्हणाल्या. “सोपी टूर आहे.”

आईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं. मग उठून आत गेल्या आणि बॅग भरायला लागल्या.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बाई दहा दिवसांनी परतल्या, आई मागे राहिल्या, आणि जे कळलं ते थोडंथोडं. अधिकाऱ्यापुढे आईंनी ‘सन’ म्हटलं आणि पुढे मराठीत पूर्ण गोष्ट सांगितलीच. अधिकारी एक स्त्री होती. तिने शिक्का मारून जायला सांगितलं. बफेलोच्या विमानतळावर दीर उभा होता. सहा वर्षांत त्याचे केस निम्मे पांढरे झाले होते, फोनमध्ये ते कधी तसे दिसले नव्हते. आईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि केसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरी पोचल्यावर मात्र त्याला शेजारी बसवून डोक्याला तेल लावून दिलं.

दिराने रजा काढून आईंना नायगारा दाखवायचा बेत केला होता. आई म्हणाल्या, मला काही बघायचं नाही, मी जे बघायला आले ते बघितलं, तू या बाईंना ने. त्याने बिचाऱ्याने नेलं. बाईंनी हे मला सांगितलं ते त्यांच्या घरी, मी वरणभाताचा डबा घेऊन गेले होते तेव्हा. मी विचारलं, मग या वेळी तरी धबधबा नीट पाहिलात ना, मोजायला कोणी नव्हतं.

बाईंनी डबा घेऊन ओट्यावर ठेवला. मग त्यांनी सांगितलं की पार्किंगमध्ये गाडी थांबली, धबधब्याचा आवाज येत होता, काचेवर बारीक तुषार बसत होते, आणि पाच मिनिटं बसून मग उतरू असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. जाग आली तेव्हा तीन तास होऊन गेले होते. त्यांनी घाबरून शेजारी पाहिलं, तर दीर स्टिअरिंगवर डोकं ठेवून गाढ झोपला होता. पोरगा फार दमलेला दिसत होता, म्हणून त्यांनी त्याला उठवलं नाही. आणखी तासभर त्या त्याच्याकडे बघत बसल्या. मग अंधारायला लागलं आणि दोघं घरी परतले. आईंनी विचारलं, कसा होता? दोघांनीही मान डोलावली. आईंनी दोघांना जेवायला वाढलं.

“फार छान झोप लागली,” बाई मला म्हणाल्या.

आई पाच महिने तिकडे राहून दिराच्या एका मित्राच्या सोबतीने पुण्याला परतल्या. तीनेक वर्षांनी, जगभरची विमानं बंद पडली होती त्या काळात, त्या पुण्यात वारल्या. अचानक, सकाळी चहा घेता घेता. आम्हाला इथून जाता आलं नाही, दिराला तिथून येता आलं नाही. शेजाऱ्यांनी सगळं केलं. दोन भावांनी ते फोनवर पाहिलं, एकाने इथल्या दुपारी, एकाने तिथल्या पहाटे.

दुसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली. बाई मास्क लावून दोन हात लांब उभ्या होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. सत्तरी आली होती, जिना चढून आल्याने धाप लागली होती. त्यांनी वाकून नमस्कार केला, जपानी रिवाजाने जे बोलायचं ते हळू आवाजात बोलल्या, आणि मग विचारलं, बफेलोच्या मुलाला पोचता आलं का?

नाही, मी म्हटलं. कोणालाच नाही.

बाईंनी मास्क नीट केला.

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या, “आईंना नेलं ते.”

मी मान हलवली. त्या जायला वळल्या नाहीत आणि मीही दार लोटलं नाही. आत नवरा भावाशी फोनवर होता. बोलण्यासारखं दोघांकडे काही उरलं नव्हतं, पण फोन दोघांपैकी कोणीही ठेवत नव्हतं.