झोप न आणणारी गोळी

गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या झेरॉक्सवाल्या काकू. खरं तर दुकान नवऱ्याचं, मशीन नवऱ्याचं, पाटीवरचं नावही त्याचंच. पण लोकांच्या तोंडी काकू बसल्या, कारण हाक मारली की उठून येणारं माणूस तेवढं एकच. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत सासूबाईंची कॉट, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक चिंचोळी खोली, तिच्यात कोऱ्या कागदांचे गठ्ठे आणि भिंतीला टेकवून ठेवलेली काकूंची गादी. चारही खोल्या एका रांगेत. एकीत कुणी कुजबुजलं तरी चौथीत ऐकू जायचं.

घरातली माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच कुणाला तरी खलनायक करून मोकळा व्हायचा. नवऱ्याने कधी आवाज चढवला नाही. सासूबाई टोमणे मारत, पण आमटीला मीठ लागतं तेवढेच. लेक तर आईवर जीव टाकणारी. फक्त हाका. "अगं, स्टेपलर कुठाय?" स्टेपलर त्याच्या कोपराखाली. "अगं, माझा चष्मा?" चष्मा सासूबाईंच्या उशीशी. "आई, माझी छत्री?" छत्री जिथे गेली दहा वर्षं टांगलेली असते तिथेच. दिवसाला शंभर हाका आल्या तर नव्वदांचं उत्तर 'तिथेच आहे बघ' हे असे, पण ते सांगायलाही उठून जावं लागे.

घरामागे मोठं मोकळं मैदान होतं. गवताला तुरे आले की काकूंचं नाक सुरू. एक शिंक आली की मागोमाग तिच्या दहा बहिणी. डोळे लाल, टाळूला अशी खाज की जिभेने खरवडून काढावीशी वाटे. एकदा एका माणसाचा दाखला मशीनवर ठेवता ठेवता शिंक आली आणि प्रतीवर साहेबाची सही अशी तिरकी उमटली की तो माणूस म्हणाला, "काकू, साहेब पिऊन सही करतात हे माहीत होतं, पण कागदावर दिसेल असं नव्हतं वाटलं." नवरा हसला. शिंकांनी नाकी नऊ आलेल्या काकूंना मात्र हसायलाही सवड नव्हती.

शेवटी डॉक्टरांनी एक बारीकशी पिवळी गोळी दिली. "हिने झोप येणार," ते म्हणाले. "जेवणानंतर घ्यायची आणि नंतर दोन-तीन तास गॅसजवळ जायचं नाही, मशीनला हात लावायचा नाही. पडून राहायचं." हे त्यांनी काकूंकडे नाही, नवऱ्याकडे बघून सांगितलं, आणि तिथेच काकूंचं नशीब उघडलं. कारण त्या घरात डॉक्टर म्हणतील ती पूर्व दिशा. नवऱ्याने घरी येऊन आईला बजावलं, "दुपारी तिला हाक मारायची नाही. औषध आहे."

औषध आहे! लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी काकूंनी दार लोटून गादी पसरली आणि दोन ते चार कुणी त्यांचं नाव घेतलं नाही. त्या झोपेत स्वप्नंबिप्नं काही नव्हती. नुसतं खोल खोल बुडणं. उठल्यावर गालावर उशीचे वळ उमटलेले आणि मन असं स्वच्छ की त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

पुढे काय झालं ते ओळखणं अवघड नाही. पहिल्या वर्षी काकूंचा त्रास तीन महिने टिकला. दुसऱ्या वर्षी पाच. तिसऱ्या वर्षी मैदानातलं गवत वाळून, जळून, राख उडून गेली तरी काकू जेवता जेवता दोन शिंका काढत आणि गोळीच्या डबीकडे हात नेत. शिंका काही पूर्ण खोट्या नव्हत्या. पण पूर्ण खऱ्या होत्या असंही त्यांनी शपथेवर सांगितलं नसतं. दुपारी दोन ते चार हे दोन तास हीच काकूंची जगात काय ती मालमत्ता होती, आणि माणूस मालमत्तेसाठी काय काय करतो; ही बाई दोन शिंका काढत होती.

मग लेक औषधशास्त्र शिकून पास झाली आणि चौकातल्या औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. पहिल्याच आठवड्यात ती एक नवं पाकीट घेऊन नाचत घरी आली. "आई, ही बघ! ती जुनी गोळी बंद. ही दिवसातून एकदाच घ्यायची, सकाळी. आणि मुख्य म्हणजे झोप येत नाही!" पाकिटातला घडी घातलेला कागद उलगडून तिने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. जुनी गोळी डोक्यापर्यंत पोचते म्हणून गुंगी येते, ही सहसा तिथवर जात नाही, हे तिने आजीलासुद्धा समजावून सांगितलं. इतकी वर्षं आई गुंगीत पडून राहते, याचं त्या पोरीला मनापासून वाईट वाटत होतं. शिक्षणाचा पहिला उपयोग तिने आईला सोडवण्यासाठी केला होता.

"वा वा!" नवरा म्हणाला. "म्हणजे दुपारी दुकानात बसता येईल तुला. मला जरा पाठ टेकता येईल."

"आणि माझे पाय चेपायला दुपारचीच वेळ बरी," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळी फार ओढतात."

काकू पांढरी गोळी हातात घेऊन हसल्या. दुसरं काय करणार? लेकीच्या पहिल्या नोकरीची पहिली भेट होती ती. सगळ्यांसमोर त्यांनी ती पाण्याबरोबर गिळून टाकली.

आणि वाईटात वाईट गोष्ट म्हणजे गोळी उत्तम होती. चार दिवसांत नाक कोरडं, डोळे स्वच्छ, टाळू शांत. गवत ऐन तुऱ्यावर असताना काकू मागचं दार उघडून उभ्या राहिल्या, छातीभर श्वास घेतला, शिंक नाही. वैऱ्यालासुद्धा दोष देता येईना, कारण वैरी कुणी नव्हताच. आठवड्याभरात त्यांच्या दोन तासांची वाटणी होऊन गेली. दोन ते तीन दुकान, तीन ते चार सासूबाईंचे पाय. आणि वर सगळे म्हणत, "बघ, किती बरं वाटतंय तुला!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही प्रेमाने.

काकूंनी एक प्रयत्न करून पाहिला. "मला हिनेसुद्धा जरा पेंग येते गं," त्या लेकीला म्हणाल्या.

लेक लगेच गंभीर झाली. "येते काही जणांना. हरकत नाही, तू रात्री घेत जा. झोपेत झोप निघून जाईल."

संपलं. त्या वाटेलाही कुलूप.

मग काकूंना एके दिवशी जुन्या डबीच्या तळाशी पिवळ्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली. पाच गोळ्या. त्यांनी ती कापडात गुंडाळून कागदांच्या गठ्ठ्यामागे ठेवली. दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर एक गिळली. डोक्यात विचार एवढाच की, डोळे मिटायला लागले की नवरा आपणहून म्हणेल, जा, पड जरा. पण नवरा केव्हाच पाठ टेकून घोरत होता आणि दुकानात एक निवृत्त मास्तर आपलं जुनं प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये मढवून घ्यायला उभे होते. काकूंनी मशीन तापायला लावलं. प्रमाणपत्र आत सरकवलं. आणि बसल्या बसल्या त्यांची मान खाली गेली.

मास्तरांच्या ओरडण्याने सगळं घर गोळा झालं. काकूंचं मनगट तापलेल्या पत्र्यावर टेकलं होतं आणि तरी त्यांना जाग आली नव्हती. प्रमाणपत्र आत गोळा होऊन बसलेलं. मास्तर बिचारे भले, आधी पाणी आणा म्हणाले, मग वाकून आपल्या कागदाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं जपलेला कागद होता. काकूंनी त्यांची माफी मागितली, पण जीभ इतकी जड होती की शब्द नीट बाहेर पडेनात. मनगटाच्या भाजण्यापेक्षा त्यांना ते जास्त लागलं.

संध्याकाळी लेकीने मनगटाला मलम लावलं, आणि मलमाची नळी कुठे ठेवावी म्हणून शोधताना गठ्ठ्यामागची पट्टी तिच्या हाताला लागली. चार गोळ्या, एक रिकामं घर.

"आई, ही का घेतलीस? ती चालू असताना वर ही? तुला कळतंय का, हात गेला असता!" तिचा आवाज रडवेला झाला. "माझ्या गोळीने बरं वाटत नव्हतं का?"

"वाटत होतं."

"नाक?"

"छान आहे."

"डोळे?"

"छान आहेत गं."

"मग? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

पोर रडायला लागली तेव्हा मात्र काकूंना राहवेना. बाकी काहीही सोसलं असतं, पण ही आपल्या विद्येवर शंका घेणार, हे नको. "तसं नाही गं," त्या म्हणाल्या. "ती घेतली की तुम्ही मला हाक मारत नाही."

दारात नवरा उभा होता. तो गांगरून म्हणाला, "अगं, मग तसं सांगायचं की! मला दुपारी झोपायचंय, असं."

"आजारी नसताना?" काकूंनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी लेकीने जाड अक्षरांत एक कागद लिहिला: 'दुपारी दोन ते चार आईला हाक मारायची नाही.' बापाने त्याच्या तीन प्रती काढल्या; एक दुकानात, एक सासूबाईंच्या कॉटवर, एक स्वयंपाकघरात. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "बरं केलंस. माझे पाय काय, कधीही चेपता येतील." काकूंना इतकं भरून आलं की त्या जेवता जेवता उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या. दोन वाजता त्यांनी दार लोटलं, गादी पसरली आणि डोळे मिटले.

झोप येईना. सवय नव्हती, येईल हळूहळू. पलीकडे सासूबाईंचा हळू आवाज आला, "थोडं पाणी दे रे." नवऱ्याची पावलं स्वयंपाकघरात आली. तो पंजांवर चालत होता बिचारा. एक कपाट उघडलं. मिटलं. दुसरं उघडलं. पेले धुऊन कट्ट्यावर उपडे घातलेत, काकू मनात म्हणाल्या, तुमच्या नाकासमोर. तिसरं कपाट करकरलं. त्यांनी उशी कानावर घेतली. उशीतूनही ऐकू येत होतं. सासूबाई खोकल्या, घसा कोरडा पडल्यासारख्या. डबा खाली पडला आणि नवरा स्वतःवरच चरफडला, तेही हळू आवाजात. काकूंनी गादीची कड घट्ट धरली. उठायचं नाही, त्यांनी स्वतःला बजावलं. हे दोन तास माझे आहेत, लिहून दिलेत. आणि चौथं कपाट उघडेपर्यंत त्या दार उघडून बाहेर आलेल्या होत्या. त्यांना आपल्या पायांचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी कट्ट्यावरचा पेला उचलला, भरला, सासूबाईंच्या हातात दिला.

"अगं, तू कशाला उठलीस?" सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "आत्ता कुठे सव्वादोन झालेत."

"आम्ही हाक नव्हती हं मारली," नवरा घाईघाईने म्हणाला.

"नाही," काकू म्हणाल्या. "कुणीच नव्हती मारली."