दुसऱ्याच्या मॉड्यूलला हात

सोमवार, सकाळचे सव्वादहा. आमचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या रुग्णालयातून डायलिसिस विभागाच्या सिस्टर इनचार्जचा फोन आला. संगणकावर यंत्रांचे वाटप दिसत नव्हते आणि अकराची पाळी तोंडावर आली होती. काविळीच्या रुग्णांची यंत्रे वेगळी ठेवावी लागतात. तिथे चूक चालत नाही.

"मरीज बेंच पर बैठे हैं, सर," त्या म्हणाल्या. "अंदाज से मशीन नहीं दूँगी."

आमचे सॉफ्टवेअर मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्वतंत्र भागांत, विभागलेले आहे. नोंदणीचा एक भाग, औषधांचा एक, डायलिसिसचा एक. सर्वांना लागणारा कोड 'कॉमन' मॉड्यूलमध्ये असतो. हे भाग जुळवून बिल्ड तयार होते. ती सर्व्हरवर चढवणे म्हणजे डिप्लॉय. आलमबागच्या आमच्या कार्यालयात प्रत्येक मॉड्यूलला एक मालक आहे. दुसऱ्याच्या मॉड्यूलला न विचारता हात लावणे असभ्य समजले जाते.

अशा प्रसंगी चूक कोणाची, हे शोधण्यातच निम्मा दिवस जातो. मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडत होतो, तोच डायलिसिस मॉड्यूल लिहिणारी फरहत उभी राहिली.

"सर, सवेरे मैंने सिर्फ अपना मॉड्यूल चढ़ाया. कॉमन विनय का है. वो बहन की शादी में है, बिना पूछे कैसे छूती?"

उलगडा झाला. रजेवर जाण्यापूर्वी विनयने कॉमन बदलले होते. फरहतच्या लॅपटॉपवर ते नवे होते, सर्व्हरवर जुनेच. तिचे मॉड्यूल जे मागत होते, ते जुन्यात नव्हते.

"कॉमन है, उसकी थाली नहीं," मी म्हणालो.

डायलिसिसचे जुने मॉड्यूल परत चढवून मागे फिरणे शक्य नव्हते. रविवारी बसवलेली दोन यंत्रे जुन्या मॉड्यूलला ठाऊकच नव्हती. फरहतने मूळ फोल्डरमधून सर्व मॉड्यूलची एकत्र बिल्ड घेतली. चाचण्या झाल्या. मी ती सर्व्हरवर चढवली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. अकराच्या आत सिस्टरचा फोन आला.

"कावीळवाले अलग दिख रहे हैं. शुरू करती हूँ."

निवृत्तीपूर्वी सरकारी नोकरीत मी अशा सकाळी अनेक पाहिल्या. सगळे मान खाली घालून बसत. म्हणून या दोघींचा मी आभारी आहे. एकीने अंदाज केला नाही, दुसरीने लपवले नाही. हे मी दोघींनाही सांगितले, एकेका वाक्यात.

भिडस्तपणा माणसांशी ठेवावा, कोडशी नको. सायंकाळी विनयला फोन करून बहिणीच्या लग्नाच्या शुभेच्छा दिल्या. बिघाडाचा उल्लेख केला नाही. मग डिप्लॉय करणाऱ्या स्क्रिप्टमधून, म्हणजे छोट्या आज्ञावलीतून, एकटे मॉड्यूल चढवण्याची सोय काढून टाकली.