मॅडमची भुवई

आमची आत्या कॉलेजात रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल शिकवते. ज्या लॅबवरून बाकीचे नाक दाबून जातात, तिथे शिरलं की हिला प्रसन्न वाटतं. त्यामुळे "लॅब बंद करून तिथे व्यायामशाळा काढू" असं प्राचार्य म्हणाले, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली.

प्राचार्यांच्या मते प्रॅक्टिकल मोबाइलवरही शिकता येतं. शेवटी ठरलं, की अर्धा वर्ग लॅबमध्ये शिकेल, अर्धा घरून आणि परीक्षा सगळ्यांची लॅबमध्ये. घरून शिकलेले जिंकले तर लॅबला कुलूप. आणि दोन्हीकडे शिकवणार कोण? आत्याच!

सकाळी ती लॅबमध्ये, दुपारी स्वयंपाकघरात. आतोबा मोबाइल धरून उभे. ब्युरेट नावाच्या तोटीवाल्या काचनळीऐवजी ड्रॉपर, आम्लाऐवजी व्हिनेगर आणि रंग बदलायला जांभळ्या कोबीचं पाणी. आतोबांचा हात काही स्थिर राहायचा नाही. कधी त्यांचा अंगठा दिसायचा, कधी छत.

"मॅडम, रंग दिसत नाहीये!"

"मग आपापल्या पेल्यात बघा आणि तुम्हीच ठरवा!" आत्या खेकसायची.

मनात आणलं असतं तर या वर्गाचं वाटोळं करणं तिला सहज जमलं असतं. पण वाईट शिकवणं तिच्या रक्तातच नाही, त्याला मी काय करू?

लॅबमधल्या मुलांची मात्र चंगळ. आत्या सतत त्यांच्या डोक्याशी उभी. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला रे आला, की तिची डावी भुवई वर जायची आणि मुलं ब्युरेटची तोटी बंद करायची.

परीक्षेला प्राचार्यांनी तिला बाहेर बसवलं. झालं! लॅबची मुलं भुवई शोधत दाराकडे बघतायत आणि इकडे ब्युरेट वाहतंय. एकजात सगळे फ्लास्क गडद गुलाबी, म्हणजे सगळ्यांचं उत्तर चुकलं. घरून शिकलेली मुलं घाबरत घाबरत थेंब थेंब सोडत होती. रंग आला, थांबली. सगळ्यांचं उत्तर बरोबर.

आत्या आत आली. तिचा चेहरा बघवत नव्हता. आपण लॅब आपल्याच हातांनी घालवली, हे तिला कळून चुकलं होतं.

प्राचार्य मात्र हवेत. "शाब्बास! बोला, काय बक्षीस देऊ? मागाल ते!"

जिंकलेली मुलं जागची हलली नव्हती. खरं ब्युरेट पहिल्यांदाच हातात आलेलं, त्याची तोटी फिरवत बसली होती. जरा कुजबुज झाली, मग एक मुलगी म्हणाली, "सर, ही लॅब द्या."

प्राचार्यांना 'दिली' म्हणावंच लागलं. सगळ्यांसमोर शब्द देऊन बसले होते.

आत्याला रडू फुटलं. अमोनिया झोंबला म्हणाली. अमोनियाची बाटली कपाटात होती, बूच घट्ट लावलेली.