पाइपाला पाडलेलं भोक

हो, ठेवली माशांची टाकी. चार फुटी, हॉलमध्ये, टीव्ही काढून त्याच्या जागेवर. पन्नाशीत बाईचं डोकं फिरलं असं कोणाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. माझं माहेर बाळापूरकडचं, भाजीपाल्याचं. सातवीत होते तेव्हापासून मी वांग्याला, मेथीला पाणी ओललं आहे, वाफ्यावाफ्यात वळवून दिलं आहे, पोटरीभर चिखलात उभी राहून. लग्न होऊन अमरावतीला आले तर इथं नळ दिवसाआड. ड्रम भरा, पितळी गुंड भरा, बादल्या भरा. जन्मभर पाणी वागवलं, पण एकदा कधी नुसतं बसून पाहिलं नाही. म्हणून ही टाकी. कोणाच्या पिकासाठी नाही, कोणाच्या अंघोळीसाठी नाही, माझ्या डोळ्यांसाठी.

"पाणी काय पाह्यासाठी ठेवते का वं कोणी?" हे पहिल्यांदा माझे बाबाच म्हणाले, फोनवर. बोलले, आणि दुसऱ्या दिवशी एसटीने हजर झाले. थैलीत कांदे, वांगी आणि शेतातली जुनी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर! ऐंशीला टेकलेला माणूस, आणि ते धूड मांडीवर घेऊन आला.

"बाबा, हे लावली तं मासे छताले चिकटतीन."

"मंग काय ते दुकानातलं खेळणं लावतं? त्याच्यानं तं कोथिंबिरीचा वाफाही भिजत नाही."

काम साधं होतं. वर मोठी टाकी, खाली कपाटात लहान टाकी. वरचं जास्तीचं पाणी आपोआप खाली उतरतं, तिथं गाळलं जातं, आणि मोटर ते परत वर चढवते. मी दुकानात गेले तर दुकानदार सगळं माझ्या नवऱ्याला समजावून सांगत होता. मी म्हटलं, "भाऊ, इकडं बोला. मासे माझे आहेत." खोक्यावर तासाला इतके लिटर म्हणून जे लिहिलेलं असतं, ते पाणी जागच्या जागी सोडलं तर. पाच फूट चढवायचं, वाटेत एल्बोची दोन वळणं, म्हणजे निम्मंच हाती लागणार. हे मला कोणी शिकवायची गरज नाही, विहिरीवर वाढलेली पोरगी आहे मी. एक नंबर मोठी मोटर घेतली, पाइप जाड घेतला. निघताना दुकानदार मात्र कामाचं बोलला.

"मॅडम, वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला एक भोक पाडा. लाईट गेली की मोटर थांबते आणि वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येत राहतं. पातळी भोकापर्यंत उतरली की भोकातून हवा शिरते आणि पाणी तिथंच थांबतं."

पाइप बाबांनी जोडला. वितीने मोजला, करवतीने कापला, सोल्युशन लावून बसवला. पाइपाचं तोंड त्यांनी थेट टाकीच्या बुडापर्यंत नेलं. का, तर पाणी नेहमी मुळाशी द्यावं! मी म्हटलं, ठीक आहे, राहू द्या. भोक मी पाडलं, बाबांच्याच थैलीतल्या, ठिबकच्या नळ्यांना भोकं पाडायच्या पंचने. बाबा तेव्हा आतल्या खोलीत झोपले होते. बटण बंद करून पाहिलं. पाणी चार बोटं उतरलं आणि थांबलं. मी खूश. सहा गोल्डफिश सोडले. दोन दिवस राहून बाबा गावी गेले.

आठवडा झाला नसेल. मी शाळेत शिकवायला, नवरा ऑफिसात, आणि दुपारी लाईट गेली. घरी आले तर जिन्यावरून पाणी. खालच्या घरातल्या वहिनींची गादी भिजलेली, छताला ओल. दार उघडलं तर खालची लहान टाकी भरून वाहिलेली आणि माझी वरची टाकी रिकामी, बुडाशी जेमतेम दोन बोटं पाणी आणि त्यात सहाही मासे आडवे पडून तोंडं उघडत होते. माय माय माय! अंघोळीसाठी भरून ठेवलेल्या ड्रममधल्या बादल्या ओतताना मी रडत होते, आणि चिडलेही होते. माझं मोजमाप चुकलं कुठं?

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आणि खालच्या वहिनी आल्या. टाकी काढा, म्हणाले. नवरा म्हणाला, "देऊन टाकू वं कोणाले. काहून तरास घेतं?"

वहिनींची मी माफी मागितली, मनापासून मागितली. गादी भरून देते म्हटलं. पण टाकी? "रविवारी या," मी म्हटलं. "तुमच्यासमोर लाईट बंद करते. एक थेंब जरी फरशीवर पडला तर टाकी मीच उचलून देईन. नाही पडला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

ते गेल्यावर पाण्यात हात घातला. पाइप चाचपत गेले तर भोकाच्या जागी काहीतरी गुळगुळीत लागलं. सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी! तीन वेढे, वर आवळून गाठ. ही गाठ मी लहानपणापासून ओळखते. आमच्या शेतातला एकही पाइप असा नाही, ज्याला ती नाही.

फोन लावला. "बाबा, पाइपाले ट्यूब तुमी बांधली?"

"हो मंग!" आवाजात केवढी ऐट. "गळून रायला होता. निघताना दिसलं. म्हटलं, पोरीनं मोटर नवी आनली अन् पाइप फुटका."

"ते भोक मी पाडलं होतं."

"पाइपाले भोक? जानून? अवं, हवा धरन नं!"

घरात पाणी झालं हे सांगितलं. भोक कशासाठी तेही सांगितलं, दोनदा. पटलं नाही. पाइपात हवा शिरली की विहिरीवरची मोटर पाणी ओढत नाही; ती शिरू नये म्हणून साठ वर्षं ज्या माणसाने जीव काढला, त्याला कसं पटणार? "रविवारी येतो मी," एवढंच बोलले.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सेक्रेटरी, वहिनी, नवरा, आणि टाकीला अगदी खेटून बाबा. पट्टी मी केव्हाच काढून फेकली होती. सेक्रेटरींनी विचारलं, "मागच्या वेळी नेमकं काय झालं होतं?"

"भोक बंद राहिलं होतं. चूक माझी," मी म्हटलं. बाबांकडे पाहिलं नाही. मेन स्विच खाली केला.

मोटर थांबली. वरचं पाणी उतरू लागलं, खालच्या टाकीतलं चढू लागलं. तिच्या काचेवर मी पेनाने रेघ मारून ठेवली होती, पाणी तिथंच थांबायला हवं. एक बोट, दोन बोटं, चार बोटं. भोक उघडं पडलं आणि सुर्र आवाज आला. हवा ओढल्याचा आवाज. हाच आवाज ऐकून बाबा हातातला घास टाकून विहिरीकडे पळताना मी शंभरदा पाहिले आहेत.

आणि बाबांचा हात गेला! कोणाला काही कळायच्या आत अंगठा भोकावर, घट्ट. आवाज बंद. पाणी पुन्हा धो धो खाली. रेघ बुडाली.

"बाबा, अंगठा काढा."

"अवं, हवा घेऊन रायला!"

"घेऊ द्या."

"मोटर जाईन तुही!"

खालच्या टाकीचा काठ दोन बोटांवर आला. वहिनी मागे सरकल्या. ज्या माणसाने मला पाणी ओलायला शिकवलं, त्याला मी आयुष्यात कधी असं कर म्हटलं नव्हतं, तेही चार माणसांत. मी ओरडले, "बाबा! टाकी माझी हाये. हात काढा म्हंते नं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि काढला हात. पाइपाने एक मोठा घोट हवा घेतली, गुडगुड केलं, आणि पाणी थांबलं. काठाच्या एक बोट खाली. फरशी कोरडी होती. वहिनींनी वाकून हात फिरवून पाहिलं, तरी कोरडी. सहाही मासे वर आरामात फिरत होते.

"ठीक आहे, राहू द्या टाकी," सेक्रेटरी म्हणाले आणि जायला उठले.

"थांबा जरा," बाबा म्हणाले. ओला अंगठा ते धोतराला पुसत होते. "मागच्या वेळी ते भोक म्या बांधलं होतं. घरात पाणी माह्यानं झालं. तिचं काही चुकलं नोतं. तिले पाण्यातलं समजते, माह्यापेक्षा जास्त."

मी जाऊन मेन स्विच वर केला.