मास्तरांची उजळणी आणि काकूंचा पाट

गेल्या सोमवारी पालीच्या टपाल कचेरीतून व्ही. पी.चे एक पुडके पैसे भरून सोडवून आणले. आत सामान्य जीवशास्त्राचे इंग्रजी पुस्तक, जुने, दोन रुपये चार आणे, हातभिंग एक, चौदा आणे, कोऱ्या कागदांचे दोन दस्ते, सहा आणे, टपालहशील वेगळे. त्याच टपालाने सोहोनी मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथाच्या चिटणिसांचे पत्र आले की, आपण त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, तरी चार शब्द लिहावेत. पुडके माझ्या मुलीसाठी, सुमनसाठी. ती यंदा मॅट्रिकला बसली आणि जूनमध्ये मुंबईस वैद्यकीय शाळेची प्रवेशपरीक्षा द्यायची म्हणते. अशाच एका पुस्तकामुळे माझी आणि मास्तरांची ओळख झाली, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच लेखात येत आहेत. मला लेखाची सवय नाही, जमाखर्चाची आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात माझे वडील अण्णा मला रत्नागिरीस मास्तरांच्या घरी घेऊन गेले. हायस्कुलात शास्त्र शिकविणारे मास्तर त्या वेळी ओटीवर बसून जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर पानांच्या आकृत्या काढीत होते. अण्णा म्हणाले, "हिला डाक्टरीच्या परीक्षेचे खूळ लागले आहे. जरा बघा."

मास्तरांनी मलाच विचारले, "तुम्हांला समई घासता येते?"

मला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिले गृहस्थ. मी घाबरून हो म्हटले.

"काल घासली म्हणून आज तशीच ठेवता?"

"नाही."

"मग तुम्हांला उजळणी येते. बाकीचे पुस्तकात आहे."

त्यांची उजळणीची रीत मात्र कुठल्या पुस्तकात नव्हती. प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटायचे, आत जायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसलेल्या काकूंना, म्हणजे मास्तरांच्या पत्नींना, ते मराठीत समजावून द्यायचे. काकूंना पटले तर पुढचे प्रकरण. न पटले तर पुन्हा ओटीवर. मास्तर म्हणत, "परीक्षक एकदा फसेल. ही फसायची नाही."

पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीने सांगू लागले की सगळे सजीव पेशींचे बनलेले आहेत.

"पेशी?" काकू म्हणाल्या. "अगो, पेशी कोर्टात असते. ह्यांच्या चुलतभावाची गेली बारा वर्षे चालली आहे. माझ्या अंगात कसली पेशी?"

मी पुस्तकातली व्याख्या म्हटली. त्यावर काकू ओटीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? हिला पाठ आहे, पण ठाऊक नाही!" बाहेरून मास्तरांचे हसणे ऐकू आले आणि मी पुन्हा ओटीवर आले.

दिवस कैरीचे होते. एकदा काकू लोणच्याच्या फोडींना मीठ लावीत होत्या आणि मी त्यांना सांगत होते की पातळ द्रव पडद्यातून दाट द्रवाकडे ओढला जातो. काकूंनी परात पुढे सरकवली. "ही बघ, मीठ लावले की पाणी सुटते. माझ्या सासूबाईंना ठाऊक होते. ह्यात नवीन ते काय?" मी त्या परातीकडे बघत राहिले. फोडीतल्या प्रत्येक पेशीला पडदा, बाहेर मीठ, म्हणून आतले पाणी बाहेर. मी तसे बोलले. काकूंनी हात धुतले आणि म्हणाल्या, "हां, आता बोललीस. हे सासूबाईंना ठाऊक नव्हते." वालाच्या डाळिंब्या सोलताना दोन दळे, मधला इवला कोंब, आणि भाताच्या दाण्याला मात्र दोन दळे नाहीत, ही सगळी उजळणी त्याच पाटासमोर झाली. आजही बिरडे सोलताना मी एक तरी डाळिंबी उघडून बघते.

मास्तरांच्या मनाचा मोठेपणा मला एका एकादशीला कळला. बेडकाचे प्रकरण आले होते आणि माझा हात पुस्तकालाही लागेना. देवाने झाकून ठेवले ते उघडून बघणे पाप नव्हे काय, असे मी विचारले. दुसरे कोणी हसले असते किंवा रागावले असते. मास्तर म्हणाले, "तुम्ही देवळात जाता तेव्हा गाभाऱ्याचे दार बंद असले तर बाहेरूनच परत येता, की उघडायची वाट बघता?" मी म्हटले, वाट बघते. "मग तसेच समजा. मात्र आत जाल तेव्हा पाय धुऊन जा." आज उपास आहे तर बेडूक उद्या, असेही वर म्हणाले. स्वतः ते देवळात क्वचितच जात, पण माझी एकादशी त्यांनी मोडू दिली नाही.

वैशाखात सगळी प्रकरणे संपली. काकूंनी शेवटचे, हृदयाचे, दोनदा वदवून घेतले आणि म्हणाल्या, "आता जा. मला पटले." पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी मुंबईस निघायचे ठरले होते. त्याच आठवड्यात पालीचे स्थळ आले. अण्णा म्हणाले, "परीक्षा पुढल्या वर्षी येईल, स्थळ येणार नाही." माझ्यासाठी भांडायला मास्तर उन्हातून आमच्या घरी आले. अण्णांनी पन्हे दिले, मान दिला, आणि मुहूर्त सांगितला. मास्तर उठताना दाराआड उभ्या असलेल्या मला एवढेच म्हणाले, "उजळणी सोडू नका." शेवटची बोट गेली त्या दिवशी मला हळद लागत होती.

माझा संसार चांगला झाला, यजमान भले आहेत, देवाने काही कमी केले नाही. तक्रार नाही. परंतु गौरवग्रंथात खरे लिहावे, म्हणून पुढचे लिहिते.

दोन पावसाळ्यांमागे काकू अंथरुणाला खिळल्या. मी पालीहून भेटायला गेले. पोटात दुखते आहे हे त्यांनी कित्येक महिने मास्तरांनाही सांगितले नव्हते. मास्तरांनी डॉक्टर बोलावले. काकूंनी भिंतीकडे तोंड केले. पुरुषाला दाखवणार नाही म्हणाल्या, आणि गावात तेव्हा बाई डॉक्टर नव्हती. मी पायांशी बसले होते. त्यांनी माझा हात धरून पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "इथे. ह्याच्या खाली काय असते, तूच मला सांगितले होतेस ना गो?"

मला आठवले नाही.

"असो. तू झाली असतीस तर तुला दाखवले असते," असे म्हणून त्यांनी हात सोडला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. नवरात्रापूर्वी त्या गेल्या.

तेव्हापासून मास्तरांनी उजळणी घेणे सोडले आहे. त्यांच्या हाताखालून किती मुले गेली, त्यांतली किती नावारूपाला आली, हे इतर लेखक लिहितीलच. ओटीवरचे लिफाफे मात्र आता कोरेच पडून असतात. गेल्या महिन्यात यजमान सुमनसाठी विचारायला गेले, तेव्हा मास्तर म्हणाले, "शिकवीन हो, पण आत जाऊन सांगायचे कोणाला? दार रिकामे आहे." यजमान तसेच परत आले. त्याचे उत्तर मला चुलीपुढे सुचले, पण चार दिवस उशिरा.

मास्तर, मी रत्नागिरीस माहेरी महिनाभर येऊन राहते. काकूंचा तो पाट अजून असेल तर त्यावर बसते, नसेल तर इथून आणते. सुमन आत येऊन मला सांगेल. मला पटले तर पुढचे प्रकरण. मी जवळजवळ सगळे विसरले आहे, तेव्हा त्या जागेला माझ्याइतके योग्य माणूस आपल्याला मिळायचे नाही. आणि काकूंनी माझा हात ठेवला त्याच्या खाली काय असते, ते मी ह्या खेपेला लक्षात ठेवीन.

आपली साठी झाली. समईची वात जशी तेल घालून पुढे सरकवतात, तसा श्रीभगवंताने आपला देह पुष्कळ वर्षे निरोगी, सावध, लिहिता-बोलता ठेवावा, अशी मी रोज सांजवात लावताना प्रार्थना करते. सुमन डॉक्टर होऊन येईल तेव्हा ओटीवर आपणच असावे.

चिटणिसांना एक विनंती. ग्रंथ छापून होईपर्यंत पावसाळा लागून बोटी बंद होतील आणि सुमनची उजळणी राहून जाईल. तरी हा लेख छापखान्यात धाडण्यापूर्वी मास्तरांना वाचून दाखवावा आणि ते काय म्हणतात ते मला पालीच्या पत्त्यावर उलट टपाली कळवावे. उत्तरापुरते तिकीट आत ठेवले आहे.